जमिनीचा वाढावा कोणाच्या पदरात?



जमीन, घर आणि वाहतूक हे तीन प्रश्न नव्हेत. एकाच प्रश्नाची ती तीन अंगे आहेत. रेल्वेचे स्थानक होणार अशी नुसती वार्ता पसरली तरी भोवतालच्या माळरानाचा भाव चढतो. भाव चढला की घर श्रमिकाच्या आवाक्याबाहेर जाते. मग तो दूर राहावयास जातो आणि त्याच्यासाठी पुन्हा नवी रेल्वे काढावी लागते.

दक्षिण कोरियाने हे तिन्ही विषय एकाच केंद्रीय मंत्रालयाकडे सोपविले. १९९४ साली तेथील बांधकाम व वाहतूक ही मंत्रालये एकत्र झाली. २०१३ पासून ते भूमी, पायाभूत सुविधा व वाहतूक मंत्रालय म्हणून ओळखले जाते. नियोजनाच्या दृष्टीने ही रचना योग्यच आहे. परंतु वाढलेल्या भावाचा धनी कोण, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

वस्तुतः या देशाने १९५० साली शेतजमिनीचे फेरवाटप सुरू केले. धारणेची मर्यादा सुमारे तीन हेक्टर ठरली. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व तेथील संविधानातच आहे. जमीनदार गेला, पण शहरे वाढली तशी त्याची जागा वेशीवरच्या सट्टेबाजाने घेतली. आज देशाची निम्मी लोकसंख्या सेऊल व त्याच्या परिसरात एकवटली आहे.

या सट्टेबाजीला आवर घालण्यासाठी १९८९ साली तीन कायदे झाले. एकाने मोठ्या शहरांतील निवासी भूखंडांवर कमाल मर्यादा घातली, दुसऱ्याने जमिनीच्या अतिरिक्त मूल्यवाढीवर कर बसविला, तिसऱ्याने विकासातून होणाऱ्या लाभाचा वाटा सरकारजमा केला. पहिले दोन १९९८ साली, आर्थिक अरिष्टाच्या काळात, रद्द झाले. तिसरा टिकला, पण आरंभी ५० टक्के असलेला त्याचा दर पुढे निम्म्यावर आला.

त्याचे फळ २०२१ साली दिसले. फेब्रुवारीत सेऊलनजीक ग्वांगम्योंग-शिहुंग येथे सुमारे सत्तर हजार घरांची नवी वसाहत जाहीर झाली. मार्चच्या आरंभी नागरी संघटनांनी उघड केले की, मंत्रालयाच्या अखत्यारीतील भूमी व गृहनिर्माण महामंडळाच्या काही कर्मचाऱ्यांनी तेथील जमिनी आधीच घेऊन ठेवल्या होत्या. भरपाई वाढावी म्हणून कसदार शेतात वाळुंजाची रोपे दाटीवाटीने लावल्याचेही आढळले. खात्याचे मंत्री पूर्वी याच महामंडळाचे अध्यक्ष होते; त्यांना पद सोडावे लागले. एप्रिलमध्ये सेऊल व बुसानच्या महापौरपदाच्या पोटनिवडणुकांत सत्ताधारी पक्षाचा पराभव झाला. त्याच महिन्यात लोकसेवकांच्या हितसंबंधांना लगाम घालणारा कायदाही संमत झाला.

कायदा आवश्यकच होता. परंतु तो रोगाच्या मुळाशी जात नाही. हे महामंडळ जमीन संपादन करून विकसित भूखंड खासगी बांधकाम कंपन्यांना विकत आले आणि त्या नफ्यातून भाड्याची सार्वजनिक घरे बांधत आले. म्हणजे गरिबाच्या घरासाठी पैसा हवा तर जमिनीचा भाव चढाच राहिला पाहिजे! रखवालदाराचाच लाभ भाववाढीत असेल तर त्याने भाव रोखावा कसा? आतली बातमी वापरून अधिकाऱ्याने हा लाभ उचलला तर तो गुन्हा, आणि बातमी जाहीर झाल्यावर धनिकाने उचलला तर तो नफा. वास्तविक दोघांनीही त्यासाठी श्रम केलेले नसतात. तो वाढावा समाजाच्या पैशाने व वस्तीने निर्माण झालेला असतो.

ही कथा महाराष्ट्राला परकी नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरांची मर्यादा घातली. केंद्राने तो १९९९ साली रद्द केला, महाराष्ट्राने २००७ साली. मेट्रोच्या मार्गालगतची जमीन मात्र सार्वजनिक खर्चानेच महाग होते.

यावर उपाय आहे. सार्वजनिक जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी. मार्ग आखण्यापूर्वीचा भाव नोंदवून पुढील वाढावा कररूपाने वसूल करावा व तो भाड्याच्या घरांवर आणि स्वस्त वाहतुकीवर खर्चावा. तीन खाती एका छपराखाली आणणे हे प्रशासनाचे काम झाले. वाढावा समाजाच्या तिजोरीत आणणे हे राजकारणाचे काम आहे, आणि ते लोकांच्या संघटित रेट्याशिवाय होणार नाही.