आपलं गाव कागदावर किती?
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



मणिबेली कुठं, असं विचारलं तर साहेब नकाशावर बोट ठेवतो. जिल्हा नंदुरबार (1998 पर्यंत धुळे), तालुका अक्कलकुवा, नर्मदेचा डावा काठ, पलीकडे गुजरात. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची 33 गावं, त्यात धरणाकडून पहिलं आपलं. बरोबर आहे. पण गाव काय एका जागी आहे? एक पाडा नदीला, दुसरा पार डोंगरावर. सर्व्हेवाले खालच्या पाड्यात चहा पिऊन परत गेले.

आता माणसं मोजा. आमचा सातबारा आजोबाच्या नावावर. आजोबा वारला. आम्ही तिघं भाऊ, तिघांच्या चुली वेगळ्या. कागदावर खातेदार एकच, तोही मेलेला! जंगलातली जमीन बापाच्या आधीपासून कसतो, तिला म्हणतात अतिक्रमण. 1979 च्या लवादाच्या निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरलाय. हे कोणी येऊन सांगितलं का?

म्हणून यादी आपणच करायची. दर पाड्याला दोन शिकलेली पोरं. घर, चूल, माणसं, कसलेली जमीन, सगळं लिहा. विधवा बाईचं नाव सोडू नका. यादी सगळ्यांपुढं वाचायची, मगच अंगठे. उद्या वरच्या पाड्यापासून सुरू करू. वह्या मी आणल्यात.