खात्यात जमा, पण वटत नाही

वर्षभराचा आढावा छापील प्रतीत आहे, तो सवडीने वाचा. मला बरीच वर्षे मनात साचलेले एकच गाऱ्हाणे मांडायचे आहे. विद्यार्थी संस्था बदलतो तेव्हा आपण त्याला प्रवेश देतो, पण त्याने शिकलेले दाराबाहेर ठेवतो.

जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले. क्रेडिट खात्यात जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात, आणि निदान निम्मी पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावी लागतात. चौकटीत खोट नाही. पण बाहेरचा कोणता विषय आपल्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे बँक ठरवत नाही. ते आपण ठरवतो. विद्यार्थी गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाच्या साक्षांकित झेरॉक्स घेऊन विभागात येतो आणि कोणीतरी घटकाला घटक लावून पाहू लागते. आपला तिसरा घटक त्यांच्याकडे पुढच्या सत्रात असतो, आपला पेपर चार क्रेडिटचा तर त्यांचा तीनचा. शेरा पडतो, ‘समकक्ष नाही’. मग तोच विषय पुन्हा, अर्थातच नव्याने फी भरून.

अमेरिकेत हा रोग जुना आहे. तिथल्या केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७च्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली असावीत. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदाच केला. कम्युनिटी कॉलेजातून ठरावीक ६० युनिटांची सहयोगी पदवी घेतली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी, आणि संबंधित अभ्यासक्रमात पुढच्या ६० युनिटांत पदवी. त्यात विषयाला विषय जुळवण्याचा काथ्याकूट संपतो, कारण मान्यता संपूर्ण पदवीला असते. आणि इतक्या लांब जायला नको. आपल्या तंत्रनिकेतनांचे पदविकाधारक अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात येतात ते याच तत्त्वावर. दहावीनंतरची त्यांची तीन वर्षे एकगठ्ठा धरली जातात, आणि त्यामुळे अभियांत्रिकीचे आभाळ कोसळलेले नाही.

दर्जा घसरेल, असा आक्षेप येतो. पदविकेच्या मुलांना गणित जड जाते, ही तक्रार खरीच आहे. तिच्यावर इलाज पूरक वर्गांचा, शिकलेले सगळे परत शिकायला लावण्याचा नव्हे. शिवाय आपल्याच विद्यापीठात चाळीस गुणांनी सुटलेल्याला आपण बिनतक्रार पुढच्या वर्षात बसवतो. तिथे दर्जा आठवत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर आठवतो. दुसरा आक्षेप स्वायत्ततेचा. अभ्यासक्रम आखण्याचे स्वातंत्र्य मलाही प्राणप्रिय आहे. पण त्याची किंमत विद्यार्थ्याच्या सत्रांनी चुकवायची असेल, तर ते स्वातंत्र्य कसले? आणि कार्यभाराची चिंता या चर्चेत लपून बसलेली असते, हेही इथे बोलून टाकू. पुन्हा शिकणारा विद्यार्थी म्हणजे वर्गातले एक डोके. डोकी घटली की तासिका घटतात.

अभ्यास मंडळांनी पहिल्या वर्षाच्या विषयांपुरती परस्परमान्य यादी करावी. तपशील समिती पाहील. तोवर एवढे करा, ‘समकक्ष नाही’ हा शेरा मारणाऱ्याने विद्यार्थ्याला नेमके काय येत नाही ते खाली लिहावे आणि सही करावी. हा ठराव दुपारच्या सत्रात मांडत आहे. विरोध असणाऱ्यांनी जेवून निघून न जाता सभागृहात बोलावे.