आढळ, निक्षेप आणि साठा

(या पुस्तकाच्या अनुवादाच्या निमित्ताने तंजावर येथील मराठी भाषकांपुढे अनुवादिकेने केलेले भाषण)



ज्या नगरीत सरफोजी राजांनी सरस्वती महालात देशोदेशींचे ग्रंथ जमवले आणि जिच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला, त्या नगरीत मराठीतून बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. माझा विषय मात्र साहित्याचा नाही. तांबे आणि सोने खडकांत कसे शोधतात, यासंबंधीच्या एका पुस्तकाचा अनुवाद मी नुकताच पुरा केला. मी भूवैज्ञानिक नव्हे. मराठीची पदव्युत्तर पदवी एवढीच माझी शिदोरी. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका शब्दापायी माझ्या हातून झालेल्या चुकीतून शिकलेले आहे.

तंजावरास तांब्यासोन्याच्या शोधाची कथा सांगणे कोणास विचित्र वाटेल. आपण कावेरीने आणून पसरलेल्या गाळावर बसलो आहोत. या मैदानात धातूची शीर तर सोडाच, देवळासाठी लागणारा दगडही बाहेरून आणावा लागला. तरीही या दोन धातूंविषयीची एक विलक्षण नोंद येथेच आहे. राजराज चोळाने आपल्या कारकिर्दीच्या २५व्या वर्षी, २७५व्या दिवशी, म्हणजे इ. स. १०१० मध्ये, बृहदीश्वराच्या विमानावर बसवण्यासाठी तांब्याचा कलश दिला. शिलालेखात कलशाचे वजन ३,०८३ पलम् आणि त्यावर मढवलेल्या सोन्याचे वजन २,९२६ कळंजू व वर आणखी अर्धा कळंजू, असे दिले आहे. इतर दानलेखांत तर सोने ‘आडवल्लान’ नावाच्या दगडी वजनाने तोलले, हेही सांगितले आहे. ‘पुष्कळ सोने दिले’ असे लिहून भागले असते. पण लिहिणाऱ्याने अर्धा कळंजूही सोडला नाही आणि तोलले कशाने, तेही लपवले नाही. हा अर्धा कळंजू आपण ध्यानात ठेवावा, अशी विनंती आहे.

आता माझी चूक. पुस्तक हाती घेण्यापूर्वी मी पूर्व विदर्भातील खनिजांवर एक छोटा लेख भाषांतरित केला होता. मूळ लेखात तीन वेगळे शब्द होते. मराठीत ओघवते वाटावे म्हणून तिन्हींसाठी मी ‘साठा’ हा एकच शब्द वापरला. काही महिन्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील एका शिक्षकांचे पत्र आले. ‘आमच्या शिवारात तांब्याचा साठा आहे असे आपण लिहिले आहे. लोक विचारतात, खाण कधी निघणार? एकाने विहिरीचे काम थांबवले आहे, दुसऱ्याकडे जमिनीचे दलाल येऊ लागले आहेत. आम्ही काय करावे?’ मी मूळ लेख पुन्हा उघडला. त्यात एवढेच म्हटले होते की, त्या भागात तांब्याच्या खनिजाचा आढळ आहे. आढळ म्हणजे खडकात खनिज दिसले. त्यापुढे काहीच नाही.

आढळापासून साठ्यापर्यंतची वाट किती लांब आहे, हे समजण्यासाठी आधी धातू खडकात येतो कसा, ते पाहू. त्यासाठी आपणास दूर जावयास नको. येथून जवळच स्वामिमलई येथे मूर्तिकार मेणाची मूर्ती करून तीवर कावेरीच्या मातीचे लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. रस मातीच्या आत सावकाश थिजतो; कोंडलेल्या वायूला वाट ठेवली नाही तर ओतीव काम बिघडते. भूगर्भातही शिलारस वरच्या खडकांत घुसतो आणि पुष्कळदा पृष्ठभागापर्यंत न पोचता काही किलोमीटर खोलीवर थिजतो. अशा खडकांना अंतर्वेशी खडक म्हणतात. जो रस बाहेर पडतो त्याचा लाव्हा होतो आणि त्यापासून ज्वालामुखी खडक बनतात. हे दोन्ही एकाच घरातले. एक उंबरठ्याच्या आत राहिला, दुसरा बाहेर पडला. ज्वालामुखीच्या थेट पोटाखाली थिजलेले अंतर्वेशी खडक हे तांबे-सोन्याच्या शोधकाचे आवडते क्षेत्र होय.

याचे कारण पाणी. या शिलारसात पाणी मुरलेले असते. रस थिजू लागला की स्फटिकांत न सामावणारे हे पाणी वेगळे होते आणि जाताना गंधक, तांबे व थोडे सोने बरोबर घेते. कोंडलेल्या दाबाने वरचा खडक तडकतो, केसासारख्या असंख्य भेगांचे जाळे पडते आणि त्या भेगांत क्वार्ट्झबरोबर तांब्याची गंधकयुक्त खनिजे साचतात. अशा निक्षेपांना पॉर्फिरी निक्षेप म्हणतात. जगातील तांब्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आज त्यांतून मिळतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा असला, तरी तो वेगळ्या घडणीचा आहे. त्यात अशा तांब्याची आशा कोणी धरीत नाही. महाराष्ट्रात आशा आहे ती पूर्व विदर्भातील त्याहून कितीतरी प्राचीन खडकांत.

धातू भेगांत विखुरलेला असल्यामुळे तो डोळ्यांना क्वचितच दिसतो. शोधक मग धातू शोधत नाही. पाण्याने खडकात केलेले बदल शोधतो. मध्यभागी पोटॅशियमयुक्त खनिजे वाढलेली, त्याभोवती पांढुरका अभ्रकमय पायराइटयुक्त खडक, आणि सर्वांत बाहेर हिरवट छटा, अशी एकाभोवती एक कडी असतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सॅन मॅन्युएल येथे खाण चालू होती. डेव्हिड लोवेल या भूवैज्ञानिकाने तेथील कडी तपासली, तेव्हा ती त्याला अर्धीच दिसली. त्याने तर्क केला की निक्षेप कलंडून तुटला असावा आणि विभंगाच्या रेषेवरून त्याचा दुसरा तुकडा सरकलेला असावा. १९६०नंतरच्या दशकात त्या तर्काने केलेल्या खोल वेधनात तो तुकडा हाती लागला. त्याला कलामझू असे नाव मिळाले. १९७० साली लोवेल आणि जॉन गिल्बर्ट यांनी या कड्यांचे जे चित्र प्रसिद्ध केले, ते आजही शोधकांच्या उपयोगी पडते.

परंतु निक्षेप सापडला म्हणजे साठा सापडला असे नव्हे. थोडा हिशोब करू. पॉर्फिरी खडकात तांबे पुष्कळदा अर्धा टक्का असते, म्हणजे एका टनात ५ किलो. सोने अर्धा ग्रॅम असले तरी चांगले. कळंजू सुमारे साडेचार ग्रॅमचा धरला, तर बृहदीश्वराच्या कलशावरचे सोने १३ किलोंच्या आसपास भरते. तेवढ्यासाठी असा २६ हजार टन खडक फोडून दळावा लागेल, तोही सोन्याचा एक कणही वाया गेला नाही असे मानून. इतका विरळ खडक खणणे परवडू शकते, हे युटा राज्यातील बिंगहॅम येथे १९०६पासून वाफेच्या फावड्यांनी सिद्ध झाले. त्या वेळी तेथील खडकात तांबे २ टक्क्यांच्या आसपास होते. तांब्याचा भाव, पाणी, वीज, रस्ता, जंगल आणि तेथे राहणाऱ्या माणसांचा हक्क या सर्वांचा विचार करून जे खरोखर काढता येईल, तेवढ्यालाच साठा म्हणायचे. भाव पडला की खडक तोच राहून साठा नाहीसा होतो.

आपल्या बाजूचे उदाहरण मलांजखंडचे. हे गाव मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या गोंदियास लागून असलेल्या मुलखात आहे. ग्रॅनाइटी खडकांत सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा, कमानीसारखा वळलेला क्वार्ट्झचा बांध तेथे उभा आहे. पूर्वजांनी त्यात खोदकाम केले होते, त्याच्या खुणा होत्या. म्हणजे आढळ जुनाच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९६९पासून पद्धतशीर शोध घेतला. हिंदुस्थान कॉपरची खाण १९८२ साली सुरू झाली. जुन्या खुणा ठाऊक असतानाही त्यांतून साठा सिद्ध होऊन खाण निघण्यास एक तपाहून अधिक काळ लागला. तेथील मॉलिब्डेनाइट या खनिजाचे वय सुमारे २४९ कोटी वर्षे ठरले आहे. हा निक्षेप पॉर्फिरी प्रकारचा मानावा की नाही, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. देशातील तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण झालेल्या जागेविषयीही शास्त्र असे जपून बोलते.

जपून न बोलल्यास काय होते, याचे उदाहरण इंडोनेशियातील बुसांगचे. बोर्निओच्या जंगलात, ज्वालामुखीशी निगडित अंतर्वेशी खडकांत, ब्रे-एक्स या कॅनडातील कंपनीने ७ कोटी औंस, म्हणजे २ हजार टनांहून अधिक सोने असल्याचे जाहीर केले. हजारो सामान्य माणसांनी आयुष्याची पुंजी तिच्या भागांत घातली. १९९७ साली इतरांनी तेथे वेध घेतले तेव्हा खडकात सोने जवळजवळ नव्हते. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते, हे स्वतंत्र तपासणीत उघड झाले. वेधनातून निघालेला खडकाचा दांडा उभा चिरून अर्धा तपासणीस पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपून ठेवायचा, अशी रीत आहे. पुढे कोणासही तो पुन्हा तपासता यावा. बुसांगला जवळजवळ सगळाच दांडा चुरा करून पाठवला जात असे. पडताळ्यासाठी अर्धा दांडा नव्हता, म्हणून खोटे टिकून राहिले.

पेटीतला हा अर्धा दांडा आणि शिलालेखातला तो अर्धा कळंजू यांचे नाते मला जवळचे वाटते. दोन्ही ठिकाणी सांगणारा म्हणतो, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, हे वजन, हा नमुना, पुन्हा तोलून पाहा.’

म्हणून या पुस्तकात मी चार शब्द कसोशीने वेगळे राखले आहेत. खनिज दिसले तो आढळ. पुरेशा प्रमाणात एकवटलेले दिसले तो निक्षेप. नमुने व वेधन यांवरून त्याचे परिमाण व प्रत अंदाजता आली, तर ते संसाधन. आणि आजच्या परिस्थितीत काढणे परवडेल असे सिद्ध झाले, तोच साठा. यामुळे काही वाक्ये जड झाली आहेत. वाचक ती सोसतील, असा विश्वास आहे.

त्या शिक्षकांना मी उत्तर पाठवले. चूक माझी आहे, आपल्या शिवारात फक्त आढळ आहे. विहीर खणावी आणि दलालांस जमीन देऊ नये, असे कळवले. विहिरीला पाणी लागल्याचे त्यांचे कार्ड पुढे आले. ते मी अनुवादाच्या हस्तलिखितात जपून ठेवले आहे.