परिणामावरून कारणाकडे जाणारे गणित



बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरच्या घरोघरी एकच प्रश्न असतो : मेडिकल की इंजिनिअरिंग? एखाद्या मुलीने 'मी गणित घेऊन बी.एस्सी. करते' म्हटले तर घरातले गप्प होतात. पुढे मास्तरकीशिवाय काय, असे त्यांना वाटते. त्यांचा दोष नाही. गणितात संशोधन कशाचे करतात हे आपल्याकडे कोणी सांगितलेलेच नाही. म्हणून आज आम्ही त्याच्या एका शाखेविषयी बोलणार आहोत. इंग्रजीत तिला इन्व्हर्स प्रॉब्लेम म्हणतात, आपण उलटे गणित म्हणू.

शाळेत कारण दिलेले असते आणि परिणाम काढायचा असतो. इथे परिणाम हाती असतो, कारण शोधायचे असते. बाजारात माठ घेताना आपल्या आया-बहिणी टिचकी मारून पाहतात आणि आवाजावरून तडा ओळखतात. हे उलटे गणितच.

आता किल्लारीकडे या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगड-मातीखाली गेली. भूकंप नेमका कुठे झाला, हे दूरच्या यंत्रांवरून कसे कळते? खडकातून पहिली लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर दुसरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने येते. दोघींमध्ये १ सेकंदाचे अंतर पडले तर भूकंप साधारण ८ किलोमीटरवर. किल्लारी ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे २२० किलोमीटर. म्हणजे तिथे सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांचे अंतर पडावे. अशी तीन ठिकाणची वर्तुळे काढा, ती जिथे छेदतात तिथे केंद्र. दहावीच्या मुलालाही जमेल.

अवघड भाग पुढे आहे. तिथे जमिनीखाली काय आहे? वरच्या नोंदींना खालच्या खडकांच्या अनेक वेगवेगळ्या मांडण्या सारख्याच जुळू शकतात. शिवाय मोजमापात किंचित चूक झाली तर उत्तरात भलतीच मोठी चूक येऊ शकते. फ्रेंच गणिती हादामार यांनी १९०२ साली हे तीन प्रश्नांत मांडले : उत्तर आहे का, एकच आहे का, आणि ते स्थिर आहे का? या शाखेतला संशोधक आयुष्यभर याच तीन प्रश्नांशी झुंजतो. किल्लारीत तर अखेर ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिले गेले. आपला काळा दगड सुमारे ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली गाळाच्या पातळ थरानंतर अतिप्राचीन खडक लागला. पण भूकंपाचे मूळ त्याहून कितीतरी खोल, काही किलोमीटरवर. तिथे भोक पोचत नाही, गणितच पाठवावे लागते.

माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. सी.टी. स्कॅन म्हणजे अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणांच्या सावल्या. सावल्यांवरून आतली वस्तू परत मिळते, हे योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ साली सिद्ध केले. त्या वेळी असे यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हते. राडोन १९५६ साली वारले. रुग्णाचा पहिला स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये निघाला. कॉरमॅक आणि हाऊन्सफिल्ड यांना १९७९ चे नोबेल मिळाले. कॉरमॅक यांना तर आपले गणित राडोनने आधीच सोडवल्याचे पुष्कळ उशिरा कळले!

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. सावल्या नुसत्या मागे पसरवल्या तर चित्र धूसर येते. आधी प्रत्येक सावलीवर ठराविक गणिती संस्कार करून मग पसरवली तर ते स्वच्छ येते, आणि आकडेमोडही फार वाचते. ही रीत जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ साली मांडली. मूळचे भौतिकीचे हे लोक. पण काम निव्वळ गणिताचे.

तेव्हा ज्यांना गणित आवडते त्यांनी घरी हे सांगावे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात गणिताचे पदव्युत्तर शिक्षण आहे. बी.एस्सी.नंतर 'जॅम' परीक्षा देऊन आय.आय.टी.त जाता येते, एम.एस्सी.नंतर 'नेट'मधून संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात याच विषयावर काम चालते. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि फूरिये यांची श्रेणी या तिन्हींचा पाया बी.एस्सी.तच पक्का करा. गाईडवर विसंबू नका, उदाहरणे स्वतः सोडवा.