शिबिरातली मैत्री आणि घरची मैत्री

(घिवली येथील उन्हाळी शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



उद्या तंबूच्या खुंट्या निघतील आणि तुम्ही बोईसर स्टेशनावरून आपापल्या घरी जाल. नवे मित्र मिळाल्याचा आनंद सोबत असेल. पण काहींच्या मनात सलही असेल. पहिलीपासून एका बाकावर बसणारे दोघे इथे निरनिराळ्या संघांत गेले. एकाला नवे सोबती मिळाले, दुसरा बाजूला पडला. मग तक्रार सुरू झाली, "तो आता पूर्वीसारखा राहिला नाही."

मित्रहो, तो बदलला हे खरे आहे. तुम्हीही बदलला आहात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी आवाज बदलतो, आवडी बदलतात, तशी सोबतही बदलते. याला बेइमानी म्हणू नका.

निरनिराळ्या घरांतली मुले जवळ यावीत, हाच तर शिबिराचा हेतू. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर भरवले. त्यात बड्या शाळांतली आणि कामकरी घरांतली मुले त्यांनी मुद्दाम एकत्र ठेवली. आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखा व शिबिरांतून जातिधर्माचा भेद न मानता मुलामुलींना एकत्र आणले. आपल्या या भागात १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे कारखाने वाढले, परप्रांतांतली कुटुंबे आली. त्यांची मुले, किनाऱ्यावरची कोळ्यांची मुले आणि आपल्या मोहल्ल्यातली मुले एका पंगतीला बसतात, एकमेकांच्या ताटात वाढतात, ही शाळेच्या वर्गात सहसा न मिळणारी तालीम आहे.

परंतु आज मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे न आलेल्या मैत्रिणीची. तिला घरून परवानगी मिळाली नाही. तुम्ही परतल्यावर शिबिरातली गाणी गाल, आपसांत हसाल, आणि ती मुकाट ऐकत राहील. मैत्री अशीच तुटते. नववी-दहावीच्या वळणावर सोबतीण दुरावली की पुष्कळदा मुलीचे शाळेवरचे मनही उडते आणि घरच्यांना तिला घरी बसवायला निमित्त मिळते.

पालकहो, तुमची काळजी रास्त आहे. मुलींबरोबर कोण शिक्षिका आहेत, झोपण्याची, जेवणाची व नमाजाची व्यवस्था काय, हे जरूर विचारा. हवे तर येऊन पाहून जा. पण न विचारताच नकार देऊ नका.

आणि मुलामुलींनो, नवी मैत्री जरूर जोडा. जुन्या मैत्रीचा हक्क मात्र बुडवू नका. घरी पोहोचल्यावर सामान ठेवा, आईवडिलांना सलाम करा आणि त्याच दिवशी त्या मैत्रिणीच्या, त्या मित्राच्या घरी जा. इथे शिकलेल्या दोरीच्या गाठी तिला शिकवा. नव्या मित्रांची तिच्याशी ओळख करून द्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला सोबत घेऊन यायचे, असे तिच्या अम्मीअब्बांशी आतापासूनच बोलून ठेवा.

खुदा हाफिज.