हे मागचं दार नव्हे

मंडळी, आज सभागृहात शिरताना एका गृहस्थांनी मला जिन्यातच गाठलं. त्यांची मुलगी लंडनला इतिहास शिकते आणि आता सॉलिसिटर व्हायचं म्हणते. ‘म्हणजे तीन वर्षं पाण्यात गेली ना?’ असा त्यांचा सवाल.

मी त्यांना कॅरी मॉरिसनची गोष्ट सांगितली. 1922 साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून जिची नोंद झाली, अशी ही पहिली स्त्री. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात ती कायदा नव्हे, भाषा शिकली होती. तिच्याआधी नऊ वर्षं, सॉलिसिटर होण्याच्या हक्कासाठी लढलेली ग्विनेथ बेब न्यायालयात हरली होती. कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री बसत नाही, असा तिथे अर्थ लावला गेला. बेब तर ऑक्सफर्डला कायदाच शिकलेली! म्हणजे कायदा शिकलेलीला दार बंद. 1919च्या कायद्याने ते स्त्रियांसाठी उघडल्यावर आधी आत गेली ती भाषा शिकलेली.

इंग्लंडमध्ये पूर्वी सॉलिसिटर व्हायला अन्य विषयाच्या पदवीधराला कायद्याचा एक वर्षाचा जोडअभ्यासक्रम करावा लागे, मग आणखी एक व्यावसायिक अभ्यासक्रम, मग एखाद्या फर्ममध्ये दोन वर्षं उमेदवारी. घोडं अडे ते उमेदवारीपाशी. परीक्षा पास, डोक्यावर कर्ज, आणि फर्म घेईना! सप्टेंबर 2021पासून तिथे एसक्यूई ही सॉलिसिटरांची पात्रता परीक्षा आली. कायद्याचा पदवीधर असो वा इतिहासाचा, नव्याने येणाऱ्याला परीक्षा तीच. पहिल्या टप्प्यात 180 प्रश्नांच्या दोन चाचण्या. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, त्यांतला सर्वांत योग्य निवडायचा. दुसऱ्यात अशिलाशी बोलणं, दस्तऐवजाचा मसुदा करणं, न्यायाधीशासमोर बाजू मांडणं, अशी 16 कामं. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव. तो आता चार ठिकाणी मिळून पुरा केला तरी चालतो, मोफत कायदा सल्ला केंद्रातलं कामही त्यात धरतात. चारित्र्याची तपासणी होते ती वेगळीच.

आपल्या मुंबईत मात्र एलएल.बी. टळत नाही. पदवीनंतर ती तीन वर्षं, शिवाय सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप आणि बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा.

पण इंग्लंडमध्ये जोडअभ्यासक्रमाची सक्ती गेली म्हणून कायदा न वाचताच परीक्षेला बसणं, याला मी धाडस म्हणणार नाही. जुना कागद संशयाने वाचायची सवय इतिहास लावतो, ती पुढे खरेदीखत तपासताना कामी येते. ट्रस्टचा कायदा आणि अशिलाच्या पैशांचे हिशेब मात्र इतिहास शिकवत नाही. ते मुळापासून शिकावे लागतात.

म्हणून त्या गृहस्थांना म्हटलं, दोन्ही टप्प्यांचं शुल्क साडेचार हजार पौंडांच्या वर आहे, शिकवणीचा खर्च निराळा. आणि प्रत्येक टप्प्याला प्रयत्न तीनच, तेही सहा वर्षांच्या आत. इतिहासाची काळजी सोडा, या पैशांची तजवीज करा.