माझी जपानी सुरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि सारा दिवस जातो स्वयंपाकघरात. म्हणून तिथल्याच एका वस्तूविषयी चार शब्द सांगते.

माझी भाची नोकरीनिमित्त जपानात ओसाकाला असते. मागच्या दिवाळीत तिने मला तिकडची हाताने घडवलेली सुरी आणली. ओसाकाशेजारचे साकाई शहर सुऱ्यांसाठी शेकडो वर्षे नावाजलेले आहे. तिथे एक कारागीर भट्टीवर पाते घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा लाकडी मूठ बसवतो. माझी सुरी भाजीची. तिला नाकिरी म्हणतात. पाते रुंद व पातळ, धार सरळ. दोन बाजूंना मऊ लोखंड आणि मध्ये कठीण पोलाद, करंजीत सारण भरावे तसे.

हे पोलाद स्टेनलेस नव्हे. धार उत्तम लागते, पण ओल राहिली की गंज चढतो. भाचीने तसे बजावलेही होते. पण एका रात्री पाहुण्यांच्या गडबडीत मी सुरी तशीच मोरीत टाकली. सकाळी पाहते तो पात्यावर तांबडे डाग! जीव चरकला. कागदात गुंडाळून ती फडताळात लपवली. भाचीने फोनवर विचारले, तर "छान चालते हो" असे खोटेच सांगितले.

पुढे गल्लीत धारवाला आला. मी सुरी घेऊन निघाले, तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब गं. त्या चाकावर ठिणग्या उडतात. पाते तापले तर पोलादाचे पाणी उतरेल. माझी विळी चाळीस वर्षे टिकली, ती का आपोआप? चिरणे झाले की धुवायची, पुसायची आणि पावसाळ्यात खोबरेलाचे बोट फिरवायचे."

मला माझीच लाज वाटली. त्याच रात्री भाचीला खरे सांगितले. ती हसून म्हणाली, "मावशी, वरवरचा गंज घासून निघतो. टाकू नकोस."

तिने सांगितले तसे मी ओल्या बुचावर भांड्यांची बारीक पूड घेऊन पाते घासले, पाठीकडून धारेकडे. गंज गेला. धारेसाठी एक हजार नंबरचा दगड पाण्यात भिजवला. पाठीखाली दोन नाण्यांएवढी फट ठेवून घासत राहिले. दुसऱ्या अंगाला खरखर लागली की सुरी उलटायची. पहिल्या दिवशी जमले नाही, चौथ्या दिवशी टोमॅटोची साल अलगद कापली गेली.

आता कांदा-लिंबाने पाते निळसर काळे झाले आहे. त्याला भिऊ नये. तो काळेपणा पात्याला थोडा जपतोच. तांबडा डाग मात्र दिसताक्षणी काढावा. नारळ, हाडे, आंब्याची कोय यांवर ही सुरी चालवू नये, धारेचे तुकडे उडतात. दगडी ओट्यावर नव्हे, लाकडी पाटावर चिरावे. आणि काम झाले की लगेच धुऊन कोरडी करावी.

भगिनींनो, स्टेनलेसने आपले कष्ट वाचवले, हे खरे. पण वस्तू पुसून ठेवण्याची सवयही त्याबरोबर गेली. ती मला जपानच्या सुरीने आणि घरच्या सासूबाईंनी परत दिली. आता सुरी रोज रात्री मीच पुसते, आणि सासूबाई नजर टाकून मगच झोपायला जातात.